भिंतीकडची जागा

नाशिक
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

मंगळवारी, ६ तारखेला ललिता गेली. तुला फोनवर कळलंच आहे. तुझ्या मिशनवर आवाज तुटत होता आणि मलाही बोलता येत नव्हतं. म्हणून तो दिवस लिहून पाठवतो.

सकाळी डायलिसिसला निघालो. रिक्षा केली. पाऊस नव्हता. पाथर्डी फाट्यावर एक बाई कर्टुली घेऊन बसली होती. ललिता म्हणाली, "येताना घेऊ. आत्ता घेतली तर दवाखान्यात सगळ्या बाया भाव विचारत बसतील." मशीन लावल्यावर थोड्या वेळाने तिला थंडी भरली. ताप चढला. डॉक्टरांनी आयसीयूत हलवलं. रक्तात जंतुसंसर्ग झाला आहे, असं सांगितलं.

दुपारभर मी बाहेर बाकावर बसलो. संध्याकाळी मला आत सोडलं. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. अंग तापलेलं होतं. जूनमध्ये तू फोनवर जे सांगितलं होतंस ते माझ्या लक्षात होतं. पाण्याची बाटली माझ्याजवळ होती. नॅपकिन ओला करून मी तिच्या डोक्याला, कपाळाला पाणी लावलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग नर्सने मला बाहेर थांबायला सांगितलं. दिवे लागल्यावर पुन्हा बोलावलं तेव्हा ती गेलेली होती.

बुधवारी दुपारी माती दिली. सुरगाण्याकडून तिची आई लंकाबाई आणि भाऊ निवृत्ती जीप करून आले. ललिता कागदोपत्री आपल्या चर्चची नव्हती, म्हणून दफनभूमीत जागा मिळेल का, असं मी फादर प्रफुल्लना विचारलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं आपल्यात बसली ती, कुंदन. जागेचं काय विचारतोस?" मी भिंतीकडची जागा मागितली. त्यांनी दिली. लंकाबाईंनी पदरातून मूठभर नागली आणली होती, ती खड्ड्यात टाकली.

उद्यापासून कंपनीत जाणार आहे. घरी बसून काही होत नाही.

तुझा,
कुंदन


गुमला जिल्हा, झारखंड
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय कुंदन,

तुझं पत्र काल मिळालं. चॅपलमध्ये नेऊन वाचलं आणि तिथेच बसून राहिले.

तू लिहितोस तरी कसं रे! "पाणी लावलं." बस्स, एवढंच. चौथीत पहिला आलास तेही घरात मास्तरांकडून कळलं होतं. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून मी त्या दोन शब्दांत सगळं वाचलं. जूनमध्ये मी तुला म्हटलं होतं की वेळ आली आणि फादर जवळ नसले, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. डोक्यावर पाणी ओतायचं आणि म्हणायचं, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. तेव्हा तू नुसतं "बरं" म्हणालास. मला वाटलं, विसरशील. विसरला नाहीस. आणि तिने डोळे उघडून पाहिलं म्हणजे ती शुद्धीवर होती, तिची तयारी होती. देवाचे किती उपकार मानू?

आता सांगते. तुमचं लग्न झाल्यापासून मी रोज तिच्या नावाने एक माळ जपते. सुट्टीवर आले की मी तिच्याकडे बघत बसायची. सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठायचे आणि ही शेवटच्या बाकावर पर्स धरून बसायची. एकदा मी विचारलं, "ललिता, तू कधी येणार गं पुढे?" तर म्हणाली, "ताई, मी पण आले तर बायांच्या पर्सा कोण सांभाळील?" मी हसले. रात्री मात्र झोप लागली नाही. मनात यायचं, ही अशीच गेली तर?

ती अशी गेली नाही. माझ्या छातीवरचा दगड तू उतरवलास.

इथल्या सिस्टर्सना मी सांगितलं. आज रविवारच्या मिस्सात तिच्यासाठी प्रार्थना केली. तिला मरिया हे नाव दिलं, मरिया ललिता. आवडेल ना तुला? आज आई असती तर सुनेसाठी तिने गावभर पेढे वाटले असते.

जेवण वेळेवर कर. एकट्याने चहावर राहू नकोस.

तुझी ताई,
सि. जसिंता


नाशिक
८ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

पत्र मिळालं. मी ठीक आहे. पहिली पाळी चालू आहे. जेवण डब्याचं लावलं आहे. डबेवाली बाई भाजीत गूळ घालते. ललिता असती तर म्हणाली असती, "ही काय लग्नाची पंगत आहे का?"

नावाचं एवढ्यात काही करू नका. मी काही मोठं केलेलं नाही.

गेल्या रविवारी निवृत्ती लंकाबाईंना घेऊन आला होता. मुलीचे कपडे न्यायला आल्या होत्या. कपाट उघडून दिलं. त्यांनी एक लुगडं घेतलं, बाकी सगळं परत घडी करून ठेवलं. म्हणाल्या, "राहू द्या. तुमच्या घरात तिचा वास राहील." जाताना दारात थांबून मला विचारलं, "दाजी, तुमच्या देवाकडं माझी पोर एकटी नाय ना?" निवृत्ती म्हणाला, "आये, चल, गाडी चुकल." मी त्यांच्या पायात चपला सारून दिल्या.

तू असतीस तर काय सांगितलं असतंस?

चर्चला जातो. शेवटच्या बाकावर आता बायका पर्सा ठेवतात आणि मागे वळून वळून बघत राहतात.

तुझा,
कुंदन


गुमला जिल्हा, झारखंड
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय कुंदन,

"मी काही मोठं केलेलं नाही," असं तू लिहितोस. ठीक आहे. तू केलं नाहीस, देवाने तुझ्या हातून केलं, असं म्हणू या.

लंकाबाईंना सांग, तुमची पोर एकटी नाही. ती देवाच्या घरी आहे, पवित्र मरियेजवळ आहे. हे त्यांना समजेल. आणि त्यांची स्वतःची काळजी तू करू नकोस. त्या डोंगरात त्यांना शुभवार्ता कोणी सांगितलीच नाही. ज्यांचा काही दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, आपल्या मनाला योग्य वाटतं तसं जगतात, त्यांचं तारण होऊ शकतं, अशी चर्चची शिकवण आहे. मी इथे म्हाताऱ्यांना हे रोज सांगते. त्यांचे आईबाप कुठे असतील, असं ते विचारतात. ज्यांनी कधी ऐकलंच नाही त्यांना देव ‘का ऐकलं नाहीस’ असं विचारत नाही.

आता कामाचं. परवा बाजारच्या गावी गेले होते, तिथे फोनला रेंज असते. फादर प्रफुल्लना मेसेज केला. सगळं कळवलं. बाप्तिस्म्याची नोंद करून घ्या, असं म्हटलं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरींना आशीर्वाद देतात, त्याच्या आधी तिचा क्रूस तयार व्हायला हवा. त्यावर मरिया ललिता कुंदन त्रिभुवन असं नाव घाल.

आणि एक राहून राहून मनात येतं. भिंतीकडची जागा का मागितलीस? तिथे कोणी जात नाही. आईची कबर मधल्या रांगेत आहे, चांगली बांधलेली आहे. संकोच केलास का? आता तर संकोचाचं कारण नाही. पुढेमागे तिची हाडं आईच्या कबरीत ठेवता येतील, आपल्याकडे तसं करतातच. सासू-सुना एका ठिकाणी राहतील.

तो नॅपकिन तुझ्याकडे आहे का? धुतला नसशील तर मला पाठव. मी जपून ठेवीन.

तुझी ताई,
सि. जसिंता


नाशिक
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

आज मिस्सानंतर फादर प्रफुल्लनी मला थांबवलं. हात हातात घेतला आणि म्हणाले, "कुंदन, जसिंता सिस्टरांनी कळवलं. मला तू बोलला पण नाहीस. तारीख सांग, नोंद करून टाकू." मी म्हटलं, "उद्या सांगतो." घरी येऊन आधी तुला लिहितो आहे.

मी बाप्तिस्मा दिलेला नाही. ताप होता म्हणून मी ओल्या नॅपकिनने कपाळ पुसलं. तू सांगितलेले शब्द मी म्हटले नाहीत. तू चुकीचं वाचलंस त्याला मीच कारण आहे. माझं पहिलं पत्र मी पुन्हा आठवून पाहिलं. दुसऱ्या कोणीही तसंच वाचलं असतं. त्याच वेळी कळवायला हवं होतं. पण दगड उतरला, असं तू लिहिलं होतंस. तो परत ठेवायला माझा हात होईना.

शब्द का म्हटले नाहीत ते सांगतो. त्यासाठी मागचं सांगावं लागेल.

आमचं बाळ मेलेलं जन्माला आलं, असं आईने तुला कळवलं होतं. तू तेव्हा नुकतीच मठात गेली होतीस. ते तसं नव्हतं. सातव्या महिन्यात झाला. मुलगा होता. सकाळी झाला आणि दुपार व्हायच्या आत गेला. मी अंबडला कंपनीत पहिल्या पाळीला होतो. तेव्हा मोबाइल नव्हते. ललिताजवळ आपली आई होती. डॉक्टर म्हणाले, हा टिकणार नाही. आई तशीच उठून फादरना आणायला गेली. तेव्हाचे फादर मिस्सासाठी खेड्यात गेले होते. आई चर्चच्या ओट्यावर त्यांची वाट बघत बसली. त्यांना घेऊन आली तेव्हा बाळ ललिताच्या मांडीवर होतं आणि गार झालं होतं. पाणी कोणीही ओतू शकतं, हे ललिताला कोणी सांगितलं नाही. आईला त्या घाईत आठवलं नाही की माहीत नव्हतं, मला ठाऊक नाही. उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला होता.

आई डोक्याला हात लावून खाली बसली. ललिताच्या देखत म्हणाली, "बाप्तिस्म्यावाचून गेलं गं लेकरू. आता ते बाहेरच राहिलं. त्याला देव दिसायचा नाही."

संध्याकाळी फादरनी त्याला दफनभूमीत नेलं, प्रार्थना केली. भिंतीकडे जागा दिली. नाव ठेवलेलं नव्हतं, म्हणून क्रूस नाही. एक दगड ठेवला. ललिता आता त्या दगडाच्या शेजारी आहे. तू विचारलंस म्हणून सांगतो. मी संकोच केला नव्हता.

पुढे बऱ्याच दिवसांनी ती तांदूळ निवडत बसली होती. मी पेपर वाचत होतो. ती एकदम म्हणाली, "तुम्ही मला बाप्तिस्म्याचं कधी विचारू नका हं." मी म्हटलं, "नाही विचारत." ती म्हणाली, "तुमचा देव चांगलाय. मला दिसतं ते. पण पोरगं बाहेर बसलंय आणि मी आत जाऊन बसू का? मी नाय जायची. मी त्याच्यासंगं बाहेरच बसन." मग ताट उचलून आत गेली. त्यानंतर हा विषय आमच्यात झाला नाही. आईवर तिने राग धरला नाही. आईच्या शेवटच्या आजारात तिनेच तिचं सगळं केलं, तू पाहिलंस.

त्या संध्याकाळी पाणी माझ्या हातात होतं. तिने डोळे उघडले. मला वाटलं, तिला कळलं की मी काय विचार करतो आहे. तिच्या डोळ्यांत नको होतं की हो होतं, मला वाचता आलं नाही. ओतलं असतं तर मी तिला पोरापासून तोडतो आहे, असं वाटलं. ओतलं नाही, तर आता वाटतं, दार माझ्यासमोर होतं आणि मी ते उघडलं नाही.

आणखी एक. लंकाबाईंबद्दल तू जे लिहिलंस ते मी पुष्कळदा वाचलं. ज्यांनी ऐकलंच नाही त्यांना वाट आहे. ललिताने ऐकलं होतं, ताई. दर रविवारी ऐकलं. मीच तिला आणून बसवलं होतं. मी तिच्याशी लग्न केलं नसतं तर ती तिच्या आईसारखी डोंगरात राहिली असती, कधी काही ऐकलं नसतं आणि तिला वाट असती. हे रोज मशीनवर उभं असताना डोक्यात येतं. परवा मशीनवरचा एक बिघडलेला भाग चुकून पास केला.

ती कुठे आहे, एवढं मला सांग. ताई म्हणून सांगू नकोस. सिस्टर म्हणून सांग. बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझा,
कुंदन


गुमला जिल्हा, झारखंड
१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय कुंदन,

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मग सगळ्या सिस्टर्सना सांगितलं की माझं वाचण्यात चुकलं. फादर प्रफुल्लनाही कळवलं आहे. नोंद करायची नाही. त्यांचा उत्तराचा मेसेज आला, "सिस्टर, मी त्याला त्याबद्दल काही विचारणार नाही." चांगला माणूस आहे.

तू सिस्टर म्हणून विचारलंस. तेव्हा पहिल्यांदा हे, की ती कुठे आहे ते मला माहीत नाही. मला माहीत असतं तर मी इतकी वर्षं माळ कशाला जपली असती? पण कुठल्याही माणसाचं नाव घेऊन ‘हा बाहेर राहिला’ असं चर्चने आजवर कधी सांगितलेलं नाही. तो अधिकार आपल्याला नाही. तो आईलाही नव्हता.

बाळांबद्दल आईने सांगितलं ते तिला लहानपणी धर्मशिक्षणाच्या मास्तरांनी शिकवलं होतं. तेव्हा बरेच लोक तसं शिकवायचे. ती चर्चची पक्की शिकवण कधीच नव्हती. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं आणि आशा धरायला सांगतं. लेकरांना माझ्याकडे येऊ द्या, असं म्हणणारा त्यांना दारातून परत पाठवील, असं आम्ही मानत नाही. हे मी शेकडो बायांना सांगितलं आहे. माझ्या घरात एका बाईला ते सांगायला हवं होतं, हे मला कोणी कळू दिलं नाही. मी तुला दोष देत नाही. आईची लाज तू झाकलीस.

तू पाणी ओतलं असतंस तरी तिची इच्छा नसताना तो बाप्तिस्मा झाला नसता. मोठ्या माणसाला तो त्याच्या मर्जीवाचून देता येत नाही. जूनमध्ये मी तुला हे सांगायला हवं होतं. घाबरलेली होते, फक्त पाणी आणि शब्द सांगितले.

आता तुझा ऐकण्याचा प्रश्न. त्यावर माझी मती चालेना, म्हणून इथे एक म्हातारे फादर आहेत त्यांच्याकडे गेले. ते शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं, नावं न घेता. त्यांनी विचारलं, "त्या बाईने ऐकलं म्हणतेस. काय ऐकलं?" मी म्हटलं, "शुभवार्ता. दर रविवारी." ते म्हणाले, "त्याच्या आधी काय ऐकलं?" आधी तिने आईचं वाक्य ऐकलं होतं. त्यानंतर जे जे ऐकलं ते त्या वाक्याच्या पलीकडून. ते म्हणाले, "देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधलं आहे, पण तो स्वतः त्याला बांधलेला नाही. हे तू शिकवतेसच. बाकी मला विचारशील, तर जी आई बाहेर राहिलेल्या लेकरासाठी आत यायला नाही म्हणते, ती आतल्याला ओळखत नाही, असं म्हणायची माझी हिंमत नाही. ख्रिस्त पण बाहेरच्यांसाठीच वेशीबाहेर क्रूसावर गेला होता." मग म्हणाले, "पण ही शिकवण म्हणून लिहू नकोस. एका म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून लिही." म्हणून तसं लिहिते.

याच्यापुढे माझ्याजवळ पक्कं असं काही नाही. आशा आहे. ती मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. ती धरायची आम्हाला परवानगी आहे, म्हणून सांगते.

एक गोष्ट मात्र मला माहीत आहे आणि तुला नसावी. आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा मी सुट्टीवर आले होते. मृतांचा दिवस होता. संध्याकाळी आईने मला जवळ बोलावून सांगितलं, "सगळे गेल्यावर जा आणि भिंतीकडे एक मेणबत्ती लाव. दगड आहे बघ तिथे." मी म्हटलं, "कोणासाठी गं?" म्हणाली, "तिथे कोणी लावत नाही. मी दर वर्षी लावते. कोणाला सांगू नकोस." मला वाटलं, बेवारस कोणी असेल, आईचा धर्मादाय. मी लावून आले. आज कळलं, कोणासाठी.

आणि आईच्या पर्समधली आशीर्वादाच्या पाण्याची बाटली आठवते तुला? प्रत्येक बाळंतिणीकडे जाऊन ती बायांना बाप्तिस्म्याचे शब्द पाठ करून घ्यायची. लोक हसायचे, वत्सलाबाईंनी नवा धंदा काढला म्हणायचे. मीही हसले होते. तोंडाने ती म्हणाली, बाहेर राहिलं. पण ज्याला देव दिसायचा नाही अशा लेकरासाठी कोणी दर वर्षी मेणबत्ती लावतं का? तिलाही आशा होती. सुनेला सांगायचं धैर्य झालं नाही.

नॅपकिन नको पाठवू.

तुझी ताई,
जसिंता


नाशिक
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

तुझं पत्र दिवाळीच्या आधी मिळालं. लगेच लिहायला जमलं नाही.

काल मृतांचा दिवस झाला. यंदा पाडवाही त्याच दिवशी आला. कंपनीला सुट्टी होती. पाडव्याला ललिता मला ओवाळायची. आईला आधी ते आवडत नसे. मग तीच म्हणायला लागली, "ओवाळ गं, नाहीतर दिवसभर तोंड पाडून बसेल." काल शेजारच्या ताईंनी फराळाचं ताट आणून दिलं आणि दारातूनच परत गेल्या.

दुपारी दफनभूमीत गर्दी होती. फादर प्रफुल्लनी सगळ्या रांगांतून फिरून आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. मधल्या रांगा झाल्यावर ते न सांगता भिंतीकडे आले आणि तिथेही शिंपडलं. मला काही विचारलं नाही. क्रूस मी केलेला नाही. एक साधी फरशी बसवली आहे. तिच्यावर ‘ललिता’ आणि खाली ‘बाळ’, एवढंच कोरलं आहे. मरिया घातलं नाही. तू समजून घेशील.

तू मेणबत्तीचं लिहिलंस. आता मी तुला एक सांगतो. ललिताला गर्दी आवडत नसे, म्हणून आम्ही दर वर्षी मृतांच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जायचो. ती बाळाला झेंडूची फुलं ठेवायची. तिथे दगडावर मेण सांडलेलं असायचं. ती पिशवीतला चमचा काढून ते खरवडायची आणि म्हणायची, "अंधारात कोणाचं तरी चुकून इथं लागतं." मलाही तसंच वाटायचं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही गेलो तर दगड कोरडा होता. ती बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "यंदा नाय लावली कोणी." मग मला गेटवरच्या दुकानात पाठवलं आणि एक मेणबत्ती आणायला लावली. त्या वर्षापासून ती स्वतः लावायला लागली.

आई कोणाला सांगू शकली नाही आणि ललिता खरवडत राहिली. दोघी एका घरात, एका चुलीवर स्वयंपाक करत होत्या.

काल सगळे गेल्यावर मी भिंतीकडे परत गेलो. दोन मेणबत्त्या लावल्या. मग तिसरी लावली, आईची म्हणून. वारा होता. थोडा वेळ हाताने आडोसा धरला.

रात्री निवृत्तीला फोन केला आणि लंकाबाईंना द्यायला सांगितलं. त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही विचारलं होतं. ती एकटी नाही. पोरगं तिच्याजवळ आहे." देवाच्या घरी आहे, असं मी म्हटलं नाही, कारण ते मला ठाऊक नाही. एवढं मी सांगू शकत होतो. मग म्हणाल्या, "मंग बरंय. ते तिचंच हाय." आणि निवृत्तीला ओरडल्या की फोन बंद कर, पैसे जात असतील.

तुझी माळ चालू ठेव. मीही आता झोपायच्या आधी एक जपतो. काय मागायचं ते ठरत नाही. तिचं नाव घेतो आणि बाळाच्या नावाच्या जागी गप्प राहतो.

दवाखान्याची पिशवी ऑगस्टपासून दाराच्या मागे तशीच होती. आज उघडली. रिपोर्ट, तिचा कंगवा, पाण्याची बाटली आणि तो नॅपकिन. गोळा होऊन वाळला होता, कोपऱ्याला तिच्या कुंकवाचा डाग होता. त्यात काही नाही, ताई, नुसतं पाणी होतं. माझ्या दोन शर्टांबरोबर बादलीत भिजवला, साबण लावून धुतला, पिळला आणि गॅलरीत दोरीवर वाळत घातला.

तुझा,
कुंदन